जिप्सीचे कमानपाटे: दोन इंच लिफ्ट करू का आहे तेच नीट करू?

भोरकर_जिप्सी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय, सांभाळून घ्या.

गाडी: जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप, २००३ ची, एमपीएफआय. माझ्याकडे येऊन दीड वर्ष झालं, मी तिसरा मालक. इंजिन मस्त आहे, गिअरबॉक्स थोडी ओरडते पण चालतंय, फोर बाय फोर हाय-लो दोन्ही लागतं. दुखणं एकच, सस्पेन्शन. म्हणजे गाडीला सस्पेन्शन आहे हे आरसीवर लिहिलंय म्हणून मानायचं एवढंच. भोरवरून वरंध घाटाच्या बाजूला आमचं थोडं शेत आहे, नीरा देवघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता, पावसाळ्यात ओढा आडवा येतो. त्या तीन किलोमीटरमध्ये मणका कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते मोजता येतं. आण्णा (वडील, वय ७१) मागच्या सीटवर बसायचे, आता ते सरळ म्हणतात मी एसटीने येतो आणि पुढे चालत येतो. मला हे फार लागलंय.

गॅरेजवाल्याला दाखवली तर तो म्हणाला कमानपाटे (गाडीचं वजन झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या स्टीलच्या पट्ट्या) बसलेत, दोन इंच लिफ्ट करून टाकू, म्हणजे गाडी तेवढी उंच. त्याचा प्लॅन असा: पुढे लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी), मागे लांब शॅकल अधिक एक ज्यादा पाटा, पुढे हाऊसिंग (दोन चाकांमधला ॲक्सलचा नळा) आणि पाट्याच्या मधे लोखंडी ठोकळा, आणि चारी लांब शॉकअप. खर्च सांगितला तो ऐकून मी चहा तसाच ठेवून आलो. मागे आधीच्या मालकाने ऑलरेडी एक पाटा ज्यादा घातलेला आहे असं वाटतं, तो बाकीच्यांपेक्षा डोळ्यालाच जाड दिसतो. टायर २१५/७५ आर १५ आहेत, हवा चारीत ३५.

प्रश्न असा की लिफ्ट केल्याने गाडी मऊ होते का? आणि करायचीच तर शॅकल, पाटा, ठोकळा यातलं काय? कुणी केलं असेल तर अनुभव सांगा.

---

पन्हाळा_डिझेल

भावा लिफ्टचा नाद करायचाच तर अर्धवट नको, सरळ एसओए (स्प्रिंग ओव्हर ॲक्सल) कर. म्हणजे आत्ता तुझ्या जिप्सीत पाटे हाऊसिंगच्या खाली आहेत, ते काढून हाऊसिंगच्या वर बसवायचे, त्यासाठी हाऊसिंगवर नवीन बैठका वेल्ड करायच्या. एका दणक्यात चार-पाच इंच उंची मिळते, पाटे तेच, नवीन घ्यायला नको. मी माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपला सात वर्षापूर्वी केलं, गगनबावड्याच्या अलीकडं जंगलाकडच्या वाटेला आधी दर दहा मीटरला पाटा हाऊसिंगला आवळणाऱ्या यू बोल्टची प्लेट दगडाला खणखण वाजायची, आता खाली काही लोंबतच नाही, दगडावरनं मांजरासारखी जाते. लोकं बघतात ते वेगळंच.

आता खरं पण सांगतो. पहिले चार महिने गाडी रस्त्यावर चालवायच्या लायकीची नव्हती. स्टेअरिंगचा ड्रॅग लिंक (चाकं वळवणारा दांडा) एवढा तिरका झाला की पुढचं चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग आपोआप वळायचं, मी सरळ धरलोय आणि गाडी निघाली उसात. मग ते स्टेअरिंगचं सगळं वर घेतलं नकलवर (चाक वळतं त्या सांध्यावर), त्याचं काम जिल्ह्यात एकाच लेथवाल्याला जमलं. मग दुसरं, फर्स्ट लोला जोर दिला की मागचे पाटे इंग्रजी एस सारखे पिळायचे, हाऊसिंग वरच्या बाजूला फिरायचं आणि प्रोपेलरचा (हाऊसिंगला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, कटकट करत जायचा, तीन क्रॉस खाल्ले. त्याला ट्रॅक्शन बार (हाऊसिंग फिरू न देणारा दांडा) बनवला. ब्रेकचे होज लांब घेतले. बैठका वेल्ड करताना पहिल्यांदा कोन चुकला होता, परत कापून परत वेल्ड.

तरी पण परत विचारलास तर परत करीन. मज्जाच तशी हाय.

---

आरटीओ_पासिंग_ओके

मज्जा ठीक आहे पण एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही यावर स्पष्ट निकाल दिलेला आहे. तुमची गाडी २००३ ची, म्हणजे पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी रिन्यू केलेली असणार आणि ते दर पाच वर्षांनी परत येतं, गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते. पाच इंच उचललेली गाडी तिथे कुणाच्याही डोळ्यात येते. आणि अपघात झालाच तर विम्याचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. झिजलेले पाटे, बुश, शॉकअप मूळ मापाचे नवीन घालणं हे रिपेअर आहे, त्याला कोण काही म्हणत नाही. बाकी तुमची मर्जी.

---

पाना_आणि_पेन

भोरकरदादा, तुमच्या प्रश्नातच घोळ आहे, तो आधी सोडवू. तुम्हाला गाडी मऊ हवी आहे आणि गॅरेजवाला तुम्हाला गाडी उंच करून देतोय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याचदा एकमेकीच्या विरुद्ध जातात. मी नऊ वर्षं सस्पेन्शनच्या कामात काढलीत, आधी डिझाइनला मग टेस्टिंगला, आणि घरी माझीही एक जुनी जिप्सी आहे जी नवऱ्याला अजिबात आवडत नाही, त्यामुळे थोडं लांब लिहिते, सहन करा.

पहिलं उंचीचं बघू, कारण ते सोपं आहे. पाटे किंवा शॅकलने गाडी उचलली की बॉडी आणि चॅसी वर जाते, हाऊसिंग जागेवरच राहतं, कारण हाऊसिंग टायरवर उभं आहे. डिफरन्शियलचा गोळा (हाऊसिंगचा गिअर असलेला फुगवटा) जमिनीपासून जितका होता तितकाच राहतो. ओढ्यातला धोंडा आपटतो तो बहुतेक त्या गोळ्यालाच. तो वर घ्यायचा तर टायरच मोठा लागतो. किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास साधारण ६६८ एमएम. तुमचा २१५/७५, व्यास साधारण ७०३. म्हणजे निम्मे धरले तर १७-१८ एमएम तुम्ही ऑलरेडी मिळवलेत, एक पैसा सस्पेन्शनला न घालता. पन्हाळावाल्यांचा फायदा वेगळा आहे, त्यांनी हाऊसिंगच्या खालचे पाटे आणि प्लेटा वर नेल्या म्हणून दगड लागायचे थांबले, ते खरंच आहे. पण त्याची किंमत त्यांनीच प्रामाणिकपणे लिहिलीय.

आता कडकपणा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी. सहा एमएमच्या जागी सात एमएमचा पाटा घेतला तर तो नुसता सहाव्या हिश्श्याने नाही, जवळजवळ ६० टक्क्यांनी कडक होतो. आणि आठ एमएमचा एकच पाटा सहा एमएमच्या सव्वादोन-अडीच पाट्यांच्या बरोबरीचा. पाटा आखूड असेल तर हिशेब थोडा इकडे तिकडे होतो, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. आता तुमच्या मागच्या संचात कुणीतरी जाडजूड पाटा कोंबलाय आणि गॅरेजवाला म्हणतो अजून एक टाकू. जिप्सी रिकामी हजार किलोच्या आसपासची गाडी. बहुतेक आधीच्या मालकाने माल वाहिला असणार, वाळू, दूध, काय असेल ते. आण्णा काही तीन क्विंटलचे नाहीत.

शॅकलचं म्हणाल तर दोन इंच लांब शॅकलने उंची एकच इंच मिळते, कारण पाट्याचं एकच टोक वर जातं. आणि जिप्सीत पुढचा शॅकल पुढच्या टोकाला आहे, तो लांब केला की हाऊसिंग पुढच्या बाजूला खाली कलतं आणि कॅस्टर (पुढचं चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे असलेला कल) कमी होतो. कॅस्टर कमी म्हणजे स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही, ६० च्या पुढे गाडी रस्ता हुंगत चालते, आणि किंगपिनचे (चाक वळतं त्या खिळीचे) बेअरिंग थोडे जरी ढिले असतील तर एखाद्या खड्ड्यानंतर पुढची दोन्ही चाकं अशी थडथडायला लागतात की थांबावंच लागतं. मग लोक हाऊसिंग आणि पाट्याच्या मधे पाचर घालतात. पाचर घालायची तर जाड बाजू कुठे हे तरी नीट बघा: पाटे हाऊसिंगच्या खाली असतील, जसे जिप्सीत असतात, तर जाड बाजू पुढे. पाटे वर नेले असतील तर जाड बाजू मागे. अर्ध्या गाड्यांना उलट लावलेली असते आणि मग मालक म्हणतो पाचर लावून पण काही फरक नाही. आणि पाचर लावून कॅस्टर सुधारला की पिनियन (हाऊसिंगला प्रोपेलर जोडतो ते तोंड) खाली बघायला लागतो, पुढच्या प्रोपेलरचा कोन बिघडतो. म्हणजे एक पांघरूण आणि दोन माणसं, एकाने ओढलं की दुसऱ्याचे पाय उघडे.

पुढच्या पाट्याला ठोकळा: नाही. यावर चर्चाच नको. एकतर पाटे हाऊसिंगच्या खाली असताना मधे ठोकळा घातला की गाडी वर नाही, उलट खाली येते. ब्रेक मारला की पुढच्या हाऊसिंगवर जो पीळ येतो तो त्या ठोकळ्यावर येतो, ठोकळा सरकला तर चाक कुठे जाईल सांगता येत नाही. जो पुढे ठोकळा लावायला सांगतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

आता खरं काम. गाडी का आदळते हे आधी शोधायचं, त्याची तीनच मुख्य कारणं असतात. एक, पाटे इतके बसलेत की हाऊसिंग बंप स्टॉपवर (त्याला शेवटी अडवणारं चॅसीचं रबर) आपटतंय. दोन, पाटे हलतच नाहीत. तीन, टायर. टायरचं आत्ताच सांगते, हजार किलोच्या गाडीला ३५ हवा कशाला, तो आकडा दुप्पट वजनाच्या गाडीचा. २४-२६ करून बघा, फुकट आहे.

पहिल्या दोघांत फरक कसा ओळखायचा? घरातून थोडी घट्ट मळलेली कणीक घ्या. चारी बंप स्टॉपच्या बरोबर खाली, हाऊसिंगवर किंवा पाट्याच्या प्लेटवर जिथे रबर येऊन टेकणार तिथे, एकेक गोळा चिकटवा, जागा आधी पुसून. उंच गोळा करा, तीनेक इंचाचा. आणि तुमच्या त्या तीन किलोमीटरवरून जाऊन या. कणीक पार चपटी झाली तर पाटे खरंच बसलेत, उंचीचा विचार करू. कणकेला धक्काच लागला नाही तर गाडीला जेवढी जागा आहे तेवढीच ती वापरत नाहीये, मग अजून दोन इंच देऊन ती काय करणार?

सोबत सपाट जागी उभी करून हबच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारी मापं घ्या. आणि शॅकलचा फोटो काढा, आधी रिकामी असताना, मग मागे तीन माणसं बसवून.

---

पन्हाळा_डिझेल

ताई कणकेचं भारी हाय. आमच्यात आता भाकरीच्या पिठाचं जमतंय का बघाय पाहिजे.

---

पाना_आणि_पेन

ज्वारीचं चिरतं. गहूच घ्या.

---

भोरकर_जिप्सी

रविवारी केलं. आई विचारत होती कणीक कुठे घेऊन चाललास, म्हटलं गाडीला, त्यावर ती काही बोलली नाही.

रिझल्ट: पुढचे दोन्ही गोळे जसेच्या तसे. मागचा उजवा जसाच्या तसा, माझ्या बोटांचे ठसेसुद्धा दिसत होते. मागचा डावा गोळा नव्हता, पण तो शेतावर गाडी उभी केली तेव्हा कुत्र्याने खाल्ला, मी लांबून बघितलं, त्यामुळे तो धरू नका. म्हणजे अख्ख्या रस्त्यात मी हाडं मोडून घेतली आणि हाऊसिंग बंप स्टॉपच्या जवळपाससुद्धा गेलं नाही!

मापं: पुढे डावं उजव्यापेक्षा १८ एमएम जास्त, मागे दोन्हीकडे जवळपास सारखं. आणि सगळ्यात गंमत शॅकलची. मागे तिघं बसवले, एकूण दोनशे किलोच्या वर माणसं, आणि शॅकल हललाच नाही. फोटो एकावर एक ठेवून बघितले, तोच कोन. गाडी खाली बसली ती टायरमध्येच बसली बहुतेक.

हवा २५ केली, त्यानेच थोडा फरक पडलाय, खडीवरची ती बारीक खरखर कमी झाली. दणका आहे तसाच आहे.

आता पुढे काय करू?

---

पाना_आणि_पेन

झालं तर मग, चोर सापडला. कमानीचा पाटा दाबला की सरळ होतो, सरळ झाला की लांब होतो, आणि ती वाढलेली लांबी घ्यायला तर शॅकल झुलतो ठेवलेला असतो. शॅकल झुलत नाही म्हणजे पाट्याची दोन्ही टोकं बांधलेली. तुम्ही गाडी पाट्यावर नाही, लोखंडी पट्टीवर चालवताय. शॅकल खोला आणि आत काय आहे ते बघा. माझा अंदाज, बुश (पिनेभोवतीची रबरी नळी).

---

कमानपाटे_सांगली

शॅकल खोलणार असाल तर पाटे पण खोला, अर्ध्यावर सोडू नका. आमचं तीन पिढ्यांचं हेच दुकान आहे, आजोबा बैलगाडीला धावा चढवायचे, वडिलांनी ट्रकचे पाटे सुरू केले, आता मी. जाहिरात करत नाही, कुठून का करून घ्या पण काय बघायचं ते सांगतो.

पाटे खोलताना सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध धरणारा) सोडायच्या आधी दोन्ही बाजूंनी सी क्लॅम्प लावा. पाटे दाबलेले असतात, बोल्ट सुटला की उसळतात, आमच्याकडे एक पोरगा दात घालवून बसलाय. डाव्या उजव्याला खूण करा, पाटे मिसळू नका. मग एकेक पाटा वायर ब्रशने घासा. दोन पाट्यांच्या मधे खालच्या पाट्याचं टोक जिथे टेकतं तिथे वरच्या पाट्यात खड्डा पडलेला असतो, पायरीसारखा. नख अडकलं तर पायरी आहे समजा. खालचा पाटा त्या पायरीत अडकून बसतो, घसरतच नाही, आणि चिर पण तिथूनच जाते. थोडी असेल तर ग्राइंडरने हलकीच साफ करून कडा गोल करतो, खोल असेल तर पाटा बाद. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती बारीक चिर आहे का ते डिझेलने पुसून खडू लावून बघा, चिर असेल तर डिझेल खडूत उमटतं.

बसलेल्या पाट्याला परत कमान काढायचं म्हणाल तर दोन प्रकार. एक, दोन टेकूंवर ठेवून वरून घणाने ठोकत जायचं. स्वस्त पडतं पण घणाचे वळ पाट्याच्या आतल्या बाजूला पडतात, आणि गाडीत बसल्यावर नेमकी तीच बाजू ताणात असते, त्यामुळे चिर जायला जागा आपणच करून देतो, आणि चार-सहा महिन्यात परत बसतो. दुसरं, भट्टीत साडेआठशेच्या आसपास लाल करून, साच्यात कमान देऊन, तेलात बुडवायचा आणि मग साडेचारशेच्या आसपास परत ताव द्यायचा. हा दुसरा ताव न देता तसाच दिला तर पाटा काचेसारखा फुटतो. आणि गॅसच्या बत्तीने मधेच लाल करून वाकवणारे आहेत, त्यांच्याकडून दूर राहा, तेवढ्या जागेचा कसच जातो. भट्टी असेल तिथेच द्या, आणि डावा उजवा एकाच वेळेला करून घ्या. तुमच्या १८ एमएमच्या फरकासाठी एवढं करायची गरज वाटत नाही, ड्रायव्हरची बाजू थोडी बसतेच. पुढचे पाटे डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे टाकले तरी बराच फरक निघून जातो.

तो ज्यादा जाड पाटा आहे तो काढून टाका. यू बोल्ट मात्र नवीनच घाला, जुने एकदा ताणलेले असतात, परत आवळले की आटे धरत नाहीत. आणि पाचशे किलोमीटरनंतर परत आवळा, यात आळस केला की सेंटर बोल्ट तुटतो आणि हाऊसिंग मागे सरकतं, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागते.

पाट्यांच्या मधे ग्रीस घालायचं का यावर भांडणं आहेत. मी ग्रॅफाइटचं घालतो, थोडंच. साधं ग्रीस धूळ धरतं आणि आपल्या लाल मातीत त्याची सहाणेवरची पेस्ट होते.

---

पाना_आणि_पेन

सगळं बरोबर लिहिलंय, खडूचं तर फारच छान. एकच भर घालते कारण ही चूक शंभरात नव्वद गॅरेजमध्ये होते: शॅकलचे आणि पाट्याच्या दुसऱ्या टोकाच्या पिनचे नट गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना फायनल टाइट करायचे नाहीत. हाताने लावा, गाडी जमिनीवर घ्या, दोन-चारदा बंपरवर नाचा, मग टाइट करा. नाहीतर रबर बुश त्या लोंबत्या स्थितीत आवळले जातात, गाडी खाली आली की जन्मभर पिळलेले राहतात, आणि सहा महिन्यात फाटतात. तोवर गाडी कडक आणि उंच दिसते आणि मालक म्हणतो वा, काय काम केलं.

---

भोरकर_जिप्सी

मंडळी, अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, मधे भाताची लावणी होती.

गावातल्याच एका मेकॅनिककडे, स्वतः शेजारी उभं राहून खोललं. मागच्या शॅकलमधे रबर बुश नव्हतेच. कुणीतरी लेथवर पांढऱ्या नायलॉनचे बुश वळवून घातले होते, ते भोकापेक्षा किंचित लांब, त्यामुळे शॅकलच्या दोन पट्ट्या आवळल्या की बुश चेपून पिन जाम. उजवी पिन तर गंजून बुशासकट एकजीव, ती घणाने निघाली नाही, शेवटी कापली. मेकॅनिक म्हणाला हे "लाइफटाइम" बुश म्हणून घातले असणार, आणि खरंच, अजून वीस वर्षं झिजले नसते, हललेच नसते तर झिजणार कुठून.

पुढे रबर होते पण फाटून पापड झालेले. डाव्या मागच्या संचात वरून तिसऱ्या पाट्याला टोकाजवळ नख अडकेल अशी पायरी होती, साफ केली. खडूची टेस्ट चारी संचांना केली, मागच्या उजव्यात दुसऱ्या पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकातून एक रेघ उमटली, केसासारखी, खडू नसता तर सात जन्मात दिसली नसती. तो पाटा बदलला. जाड पाटा व्हर्नियर लावून बघितला, बाकीच्यांपेक्षा अडीच एमएम जास्त. काढला. आता तो गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलाय, उत्तम काम करतो.

नवीन रबर बुश, नवीन पिना, नवीन यू बोल्ट, मूळ मापाचे शॉकअप चार, पाट्यांमधे ग्रॅफाइट. पुढचे पाटे डावे-उजवे बदलले, फरक आता ६ एमएम. नट गाडी जमिनीवर घेऊन टाइट केले, मेकॅनिक बंपरवर नाचायला तयार नव्हता म्हणून मी आणि पुतण्या नाचलो. एकूण खर्च पहिल्या गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या निम्म्याच्याही खाली.

मागून गाडी आधीपेक्षा बोटभर खाली बसलीय. दिसायला आधीच बरी होती असं पुतण्याचं मत आहे.

परवा कणीक लावून परत गेलो, या वेळी शेतावर कुत्र्याला आधी बांधायला लावलं. मागच्या दोन्ही गोळ्यांवर रबराचा ठसा आहे, अर्धा-पाऊण इंच दाबलेले, पुढचे थोडेच. ओढ्यातून वर चढताना शॅकल झुलताना मी खाली उतरून बघितला, म्हणजे पुतण्या चालवत होता. अजून कार नाही झाली ती, जिप्सीच आहे, पण दणका येऊन लगेच विरतो, आधीसारखा डोक्यापर्यंत येत नाही.

आण्णा अजून म्हणतात एसटीच बरी. पण काल शेतावरून परत येताना मागच्या सीटवर त्यांना डुलकी लागली होती, ते मान्य करत नाहीत.

---

पन्हाळा_डिझेल

आण्णांना नमस्कार सांग. आणि ते ५०० किलोमीटरला यू बोल्ट आवळायचं विसरू नको. मी विसरलोय एकदा.

---

पाना_आणि_पेन

अर्धा-पाऊण इंच एकदम छान. पावसाळा संपला की शॅकलच्या पिनांना एकदा बघून घ्या, ओढ्याचं पाणी तिथेच बसतं. आणि तो चिर गेलेला पाटा टाकून दिलात ना? कुणा हौशी माणसाच्या हाती लागू देऊ नका, ज्यादा पाटा म्हणून परत कुठल्यातरी जिप्सीत जाईल.

---

भोरकर_जिप्सी

भंगारात दिला, मधोमध कापून.